बटणावरचं टोपण

सोमवार, १ एप्रिल २०१३

आज रुजू झाले! वही नवी, पेन नवा, नोकरी नवी. जुनी काय ती मी एकटीच, चौतीस वर्षांची. परक्या गावी बोलायला कुणी नसलं की माणूस भिंतींशी बोलायला लागतं, असं आई म्हणते. म्हटलं, भिंतींपेक्षा वही बरी.

दिंद्रुडला खोली मिळाली. पाणी एक दिवसाआड, टँकरचं. तिथून आत सात किलोमीटरवर आमच्या सहकारी संस्थेचा पशुखाद्याचा कारखाना आहे. कारखाना म्हणायचं म्हणून म्हणायचं. मुरमाड माळावर पत्र्याच्या दोन शेड आणि माझी केबिन, एवढंच. केबिनच्या खिडकीतून खाली तळं दिसतं, म्हणजे तळ्याची जागा दिसते. थेंबभर पाणी नाही. तळ्याच्या पोटात चारा छावणी बसवली आहे. अकराशे जनावरं, आणि त्यांचं रोजचं खाद्य आमच्याकडून जायचं. कारखाना दोन वर्षं बंद होता, छावणीसाठी महिन्यापूर्वी परत सुरू केला.

मॅनेजर राधाकिशनराव मवाळ गृहस्थ आहेत. त्यांनी सगळं फिरून दाखवलं. सरकीची पेंड, मक्याचा भरडा, क्षार आणि शेवटी मळी, असं एका भल्यामोठ्या लोखंडी ढोलात पडतं, आत पाती फिरतात आणि अकरा मिनिटांत माल तयार होतो. त्याला इथे घाणा म्हणतात. हे सगळं कॉम्प्युटरवरून चालतं. मी माउस दाबला की वीस फुटांवर तो ढोल गरगर फिरायला लागतो. मला हे फार आवडलं, खोटं कशाला बोलू.

एकच कुरकुर आहे म्हणे. कॉम्प्युटर मधेच बंद पडतो. डबा टेबलाखाली जमिनीवर, बटण पुढच्या बाजूला, पाय लागतो. महिन्यात तीन ऑपरेटर आले आणि गेले. मी मनात म्हटलं, पाय आवरायला येत नसतील त्यांना. कड्याच्या साखर कारखान्यात नऊ वर्षं वजनकाट्यावर काढली, कॉम्प्युटर एकदाही बंद पडू दिला नाही. यंदा उसाचाच पत्ता नाही, म्हणून इथवर यावं लागलं.

मंगळवार, २ एप्रिल

बंद पडला. जेवणानंतरचा पहिला घाणा, चौथं मिनिट, नुकतीच मळी सुटलेली, आणि पडदा काळा. माझे पाय तर खुर्चीवर होते, मांडी घातलेली. असो. वायर सैल असेल.

घाणा मधेच थांबला की मळी पात्यांना धरते आणि दगडासारखी होते. मग कुणीतरी ढोलात उतरून खुरप्यानं खरवडायचं. झाकण एवढंसं, त्यातून फक्त छबुबाई मावते. पन्नाशीची, काडीसारखी बाई, पण जीभ माझ्याइतकीच धारदार. ती केबिनमध्ये आली, चपला काढल्या आणि सरळ माझ्या टेबलाखाली, कॉम्प्युटरच्या डब्याला टेकवून ठेवल्या. मी बोलणारच होते, की हा काय देव्हारा आहे का उलटा. पण इथली ती रीतच आहे. आत उतरणाऱ्याच्या चपला ऑपरेटरच्या पायाशी. चपला आहेत तोवर माउसला हात लावायचा नाही. माणूस बाहेर येणार, चपला घालणार, मगच घाणा. कागद न्हाई, सही न्हाई, पर लई पक्कं हाय, असं छबुबाई म्हणाली. मलाही पटलं.

ती गेल्यावर टेबलाखाली अजून एक चप्पल दिसली. हिरवी, प्लॅस्टिकची, एकाच पायाची, पट्टा तांब्याच्या तारेनं बांधलेला. मळीनं चिकट झालेली. कुणाची कोण जाणे. फाटकाबाहेर फेकून दिली.

गुरुवार, ४ एप्रिल

काल बंद, आज बंद. तीच वेळ, तेच चौथं मिनिट. खरवडण्यात अर्धा दिवस जातो, रोज दहा-बारा घाणे बुडतात, छावणीत निम्म्याच पाट्या जातात. छबुबाईची गाय तिथेच आहे. गाभण आहे, तिसरं वेत. छबुबाई नुसतं खिडकीतून खाली बघत राहिली. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता मी हट्टाला पेटले आहे. डबा उचलून छातीएवढ्या उंच स्टुलावर ठेवला. मळीच्या कॅनचं जाड टोपण कापून बटणावर बसवलं आणि दोन स्क्रू मारले. आता बटण दाबायचं तर आधी स्क्रूड्रायव्हरशी लगट करावी लागेल. पिनसुद्धा निसटू नये म्हणून वायर डब्याच्या मागे पट्टी मारून स्क्रूनं जखडली, प्लग कपाटामागच्या बोर्डात घातला आणि कपाट भिंतीला सरकवलं. ते सरकवायला आश्रुबा हमालासकट चार माणसं लागली. आश्रुबा म्हणाला, म्याडम, कॉम्प्युटर हाय का कैदी हाय.

ती हिरवी चप्पल पुन्हा टेबलाखाली होती. कुत्री ओढून आणत असतील. या वेळी कचऱ्याच्या खड्ड्यात टाकली.

शनिवार, ६ एप्रिल

जेवून आले तर टोपण निघालेलं. स्क्रू दोन्ही टेबलावर, शेजारी शेजारी नीट ठेवलेले. केबिनला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या कमरेला. राधाकिशनरावांना विचारलं तर ते म्हणाले, तुम्हीच सैल बसवलं असेल. मी आणि सैल?

टोपण पुन्हा घट्ट केलं. मग कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन, बटण दाबल्यावर काहीही करू नये, असं करून ठेवलं.

तरी बंद पडला. कॉम्प्युटर स्वतःची नोंद ठेवतो, ती उघडून पाहिली. एक वाजून चव्वेचाळीस मिनिटं. नेहमीसारखा बंद झालेला नाही, एकदम वीज तोडल्यासारखा. लाईट तर गेलेली नव्हती, मग तसं एकाच प्रकारे होतं: सेटिंग काहीही असलं तरी बटण चार सेकंद दाबून धरलं, तर. म्हणजे चार सेकंद. आणि मी त्याच्यासमोर बसले होते.

धुऊन बसवलेल्या टोपणाच्या आतल्या बाजूला ओली मळी लागली आहे.

सोमवार, ८ एप्रिल

रविवारी खूप विचार केला. मी घाबरणाऱ्यातली नाही. बटणाला जीव नसतो, बटणाला वायर असते. वायर काढली की बटण म्हणजे नुसतं कुंकू.

सकाळी डबा उघडला. बटणाची वायर हातात घेतली आणि थबकले. ती आधी कुणीतरी कापलेली होती आणि परत जोडून वर काळी पट्टी गुंडाळलेली होती. म्हणजे माझ्याआधी कुणाला तरी हेच सुचलं होतं. मग परत जोडली कशाला? असो, त्याचं त्याला माहीत. मी मुळापासून उपटली. आता चालू करायचा तर आत दोन पिना स्क्रूड्रायव्हरनं टेकवायच्या. पुन्हा डबा बंद, स्क्रू, टोपण.

आणखी एक केलं. ज्या कंपनीनं हा प्रोग्रॅम दिला, त्यांच्या औरंगाबादच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, यात सोय आहे: लाईट गेली आणि आली, की अर्धा राहिलेला घाणा आपोआप पुढे सुरू होतो, कुणी हात लावायची गरज नाही. ती सोय चालू केली. कपाटामागच्या त्या बोर्डाला इन्व्हर्टरही जोडून घेतला. पडदा बॅटरी फार खातो म्हणून तो नुसत्या लाईटीवर ठेवला. लाईट गेली तर पडदा काळा होईल, पण डबा आत जागाच राहील.

राधाकिशनरावांना मी म्हटलं, बाहेरच्या पॅनलवरचं ढोल थांबवायचं लाल बटण तेवढं दुरुस्त करून घ्या, त्याची वायर उंदरांनी खाल्ली आहे. वायरमन येणार आहे म्हणाले. मेन स्विचच्या खोलीची किल्लीही त्या वायरमनकडेच.

छबुबाई दारात उभी राहून सगळं बघत होती. म्हणाली, बाई, ते बटण झाकू नका. मी विचारलं, कावून? तिच्याच बोलीत विचारलं, जरा चिडवायला. ती हसली नाही. खुरपं उचलून निघून गेली.

मंगळवार, ९ एप्रिल

बंद पडला नाही! चौथं मिनिट गेलं, पाचवं गेलं, अकरा पूर्ण झाली. दिवसभरात सव्वीस घाणे. मधे दहा मिनिटं लाईट गेली आणि आली, तर घाणा आपला आपण पुढे सुरू झाला. आश्रुबानं तर हात जोडले. मी भलतीच खूश.

एकच गोष्ट. चौथ्या मिनिटाला टोपणाखालून टिक असा आवाज आला. बटण आत गेल्यावर येतो तसा. पत्रा तापतो, त्यानं येत असेल.

गुरुवार, ११ एप्रिल

पाडवा. चेअरमन आप्पा स्वतः आले, कॉम्प्युटरला साखरेची गाठी घातली आणि मला नारळ दिला. म्हणाले, पोरीनं छावणी वाचवली. छबुबाईच्या गाईला कालवड झाली. मी खाली जाऊन पाहून आले, पांढरीशुभ्र, कपाळावर डाग. छबुबाईनं तिचं नाव अंजी ठेवलं. मी अंजना, म्हणजे माझ्यावरून, हे तिनं कबूल केलं नाही, पण तोंड लपवून हसत होती. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. इतकं चांगलं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

केबिनमध्ये परत आले तर गाठीची अर्धी साखर विरघळून टोपणावरून ओघळली होती. ओघळ काळा होता.

शनिवार, १३ एप्रिल

टिक. टिक. टिक. आता फक्त चौथ्या मिनिटाला नाही. ढोल फिरतो आहे तोवर चालूच. पत्रा असा तालात तापत नाही.

दुपारी टोपण काढून बघितलं. बटण उघडं, ढोल चालू. बटण आपोआप आत जात होतं आणि बाहेर येत होतं. मी त्यावर बोट ठेवलं. का ठेवलं कळत नाही. बटण माझ्या बोटाखालून आत गेलं, आणि तिथेच राहिलं. मी मोजलं. एक, दोन, तीन, चार. मग सुटलं. मग पुन्हा एक, दोन, तीन, चार. जणू माझ्या बोटावर दुसरं बोट होतं.

नखाजवळ मळी. घासली, जात नाही. घरी येऊन भाकरी खाल्ली तर भाकरीलाही तोच वास.

सोमवार, १५ एप्रिल

हिरवी चप्पल आज माझ्या खुर्चीच्या पायाशी. सरळ ठेवलेली, माझ्याकडे टाच करून. छबुबाई ठेवते तशी.

छबुबाईला दाखवली. तिनं चप्पल पदरात घेतली. म्हणाली, मुक्ताची हाय. तांब्याची तार म्याच बांधलीती.

मुक्ताबाई म्हणजे तिची धाकटी जाऊ. छबुबाईच्या आधी ढोलात तीच उतरायची. दोन वर्षांपूर्वी आत असताना ढोल सुरू झाला. गावात सांगितलं, शिडीवरून पडली. कारखाना बंद झाला तो त्यामुळे, मला सांगितलं तसं तोट्यामुळे नाही. हे सगळ्यांना माहीत होतं. राधाकिशनरावांना, आश्रुबाला, आप्पांना. मला सोडून सगळ्यांना.

मी विचारलं, तरी तू आत उतरतेस? ती म्हणाली, न्हाई उतरले तर अकराशे जितराबं काय खातील. आन मुक्ता मला कशाला काय करील? ती ढोल थांबिवतीया, बाई. तवा कुणी थांबिवला न्हाई, आता ती थांबिवतीया. तुमी तिचा हात बांधला.

मला फार राग आला. तिचा नाही, माझाच.

मंगळवार, १६ एप्रिल

बंकटला शोधून फोन केला. त्या वेळचा ऑपरेटर. आता अंबाजोगाईला पंपावर असतो. आधी फोन ठेवून दिला. मग त्यानंच परत केला, आणि रडत बोलला.

त्या दिवशी पाहुणे कारखाना बघायला येणार होते. केबिनमध्ये मळीच्या चपला बऱ्या दिसत नाहीत, म्हणून त्यानं मुक्ताबाईच्या चपला उचलून बाहेर नळाशी ठेवल्या. पाहुणे आले. त्यांना दाखवायला त्यानं घाणा सुरू केला. पायाशी चपला नव्हत्या. म्हणून हात थांबला नाही. त्याच्याच हातानं हलवल्या होत्या, तरी.

आवाज आला तसा तो बटणावर पडला. चार सेकंद. आठ सेकंद. बटण मेलेलं होतं. सारखा पाय लागतो म्हणून दोनच दिवसांपूर्वी त्यानंच वायर कापली होती. माउसनं थांबवायला गेला तर पडद्यावर विचारत होतं: तुमची खात्री आहे का?

नंतर त्यानंच वायर जोडली. जोडून नोकरी सोडली. मला म्हणाला, ताई, तेवढी वायर काढू नका.

मी म्हटलं, बरं.

बुधवार, १७ एप्रिल

राधाकिशनरावांना सांगितलं, मला अर्धा तास द्या, वायर जोडायची आहे. ते म्हणाले, शुक्रवारी छावणीची तपासणी आहे, एकही पाटी कमी दिसता कामा नये, शुक्रवारनंतर काय ते करा. मी भांडायला हवं होतं. कड्याची अंजना भांडली असती. पण सव्वीस घाण्यांचं कौतुक, तो नारळ — मला परत बंद पडणारा कॉम्प्युटर नको होता. खरं ते लिहिते.

दोन दिवसांचा प्रश्न आहे.

दिवसभर टिकटिक. कानात कापूस घातला तर दातांत वाजते.

गुरुवार, १८ एप्रिल. सकाळचे अकरा चाळीस

लाईट गेली. घाणा अर्धा, मळी सुटलेली. सबस्टेशनला फोन केला, दोन वाजेपर्यंत येत नाही म्हणतात. राधाकिशनराव म्हणाले, तोवर मळी दगड होईल. खालचं दार उघडून माल काढला, आणि छबुबाई आत उतरली.

लाईटच नाही, त्यामुळे भीती नाही. तरी मी उठणार नाही. चपला पायाशी आहेत. दोन. मी त्यांच्यावर पाय टेकवून बसले आहे. कुणी हलवायला आलं तर हात तोडीन. हात माउसकडे जाऊ नये म्हणून लिहिते आहे.

खुरप्याचा आवाज येतो. खर्र, खर्र. छान वाटतो. मधेच छबुबाई आतून काहीतरी ओरडली, अंजीनं काल पहिल्यांदा उडी मारली म्हणे.

उद्या तपासणी झाली की वायर जोडीन. नाही, आज. ती बाहेर आली की लगेच. कुणाला विचारणार नाही.

टिक.

बारा वाजून पाच

पायाखाली तीन चपला.

टिकटिक फार जोरात. टोपण हलतं आहे. एक स्क्रू पडला. पण आज कशाला? ढोल बंद आहे. लाईट नाही. बंद मशीन थांबवायला ती का — मुक्ताबाई, छबुबाई आत आहे गं, पण लाईट नाही, मी आहे ना इथे, मी हात लावणार नाही —

माझ्या हाताचा प्रश्नच नाही.

घाणा अर्धा आहे. माल आम्ही काढला, पण कॉम्प्युटरला कुणी सांगितलं? पडदा काळा आहे. डबा चालू आहे. हिरवा दिवा चालू आहे. तो वाट बघतोय. लाईट आली की आपोआप, कुणी हात लावायची गरज नाही — मीच — चपला मला दिसतात, त्याला कुठे —

बटणाला वायर नाही. वायर जखडलेली, प्लग कपाटामागे. लाल बटण — वायरमन आलाच नाही —

दोनला येणार आहे, दोनला म्हणाले होते, अजून वेळ आहे, उठते, छबुबाईला आधी बाह

वरचा पंखा हल